चोवीस घावांचं वळण

गेनबा मुकादमाला घड्याळ बघता येत नाही, असा माझा पहिले सहा महिने समज होता. तो त्याने मुद्दामच राहू दिला होता. एकदा मी मोठ्या मनाने माझं मनगटी घड्याळ त्याच्यासमोर धरून मोठा काटा आणि छोटा काटा समजावून सांगायला लागलो. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "रावसाहेब, तुमचं घड्याळ तीन मिन्टं मागं हाय." साडेनऊची एसटी नुकतीच आमच्या समोरून गेली होती आणि माझं घड्याळ नऊ सत्तावीस दाखवत होतं. एसटीवर त्याचा माझ्या घड्याळापेक्षा जास्त भरवसा होता. सत्तरच्या दशकातही असा भरवसा ठेवायला छाती लागायची.

मी तेव्हा पौडला ओव्हरसियर होतो. नवी नोकरी, नवी स्कूटर, आणि कॉलेजात शिकलेलं सगळं रस्त्यावर तसंच्या तसं घडेल अशी पक्की खात्री. पौडपासून माले गावावरून मुळशीच्या धरणाकडे जाणारा रस्ता माझ्याकडे होता. म्हणजे कागदावर माझ्याकडे होता. प्रत्यक्षात तो गेनबाचा होता. त्याच्या हाताखाली रस्ता राखणारे सात मैलकुली होते आणि वीस वर्षांत त्याने त्या रस्त्याचा एकही खड्डा दुसऱ्याच्या तोंडून ऐकला नव्हता, स्वतःच आधी सांगितला होता.

माणूस बुटका, मानेत जरा आखूड, डोक्याला खाकी पटका. मुकादमाने उभं राहून माणसांवर ओरडावं, अशी रीत. गेनबा गँगबरोबर खडी फोडायला बसायचा. बाभळीच्या दांड्याचा हातोडा, समोर काळा दगड, आणि घाव एका लयीत. त्याची पत्नी कधी भाकरी घेऊन आली आणि बोलायला लागली, तरी हात थांबायचा नाही. बोलणं घावांच्या मधल्या जागेत बसवलं जायचं.

त्या घावांनीच तो गाड्या मोजायचा. रस्त्याकडेला दर दोनशे मीटरला आम्ही छोटे दगड पुरलेले असतात. पहिल्या दगडाशी गाडी आली की मोजणी सुरू, दुसऱ्या दगडाशी पोचली की बंद. माझ्या आधीच्या कुणा ओव्हरसियरने घड्याळ समोर ठेवून त्याचा हात बसवून दिला होता, सेकंदाला एक घाव. पुढे ओव्हरसियर बदलून गेला, हात बसलेला राहिला. मी तीनचार वेळा चोरून ताडून पाहिलं. पंधरा सेकंदांत पंधरा घाव, चाळिसांत चाळीस. मग इंजिनिअरच्या अधिकाराने मी त्याला कोष्टक करून दिलं : बारा घाव म्हणजे ताशी साठ किलोमीटर, अठरा घाव म्हणजे चाळीस. त्याने कागद घडी घालून पटक्यात ठेवला आणि पुन्हा कधी काढला नाही.

"घड्याळ बगून मोजणारा मानूस गाडी बगत न्हाई," तो म्हणायचा. "आन गाडीच बगितली न्हाई, तर मोजायचं कशाला?"

त्याच्या जगात सगळ्यांना घाव होते. एसटी अठरा घावांची. विटांचा ट्रक बाविसाचा, विटा उतरल्या की सतराचा. माझी स्कूटर सोळाची, पण "रावसाहेब रागात असलं की चौदा." बैलगाडी मोजायची नाही, तिच्यावरच्या माणसाला पाणी विचारायचं. आमचे डेप्युटी साहेब तपासणीला अठरा घावांत येतात आणि सही करून चौदा घावांत जातात, हे त्याचं निरीक्षण मी त्यांना कधीच सांगितलं नाही, पण ते खरं होतं.

लाल गाडी सात घावांची होती.

ती दर गुरुवारी यायची. गुरुवारी पिंपरी-चिंचवडकडच्या कारखान्यांना सुटी असते, आणि गाडीचा मालक इनामदार नावाचा कारखानदाराचा मुलगा होता. तिशीचा, गोरा, हसरा. गाडी विलायती, दोन दारांची, छत मागे दुमडणारी, बसायला दोघांपुरतीच जागा. आमच्या भागात तोवर गाडी ही माणसं कोंबण्यासाठी असते असं सगळे समजत होते, त्यामुळे एवढ्या मोठ्या आवाजाची आणि एवढ्या कमी माणसांची गाडी बघून बायका पदराआड हसायच्या. आवाज आधी यायचा, मग गाडी जायची, मग धूळ बसायची, आणि गेनबा म्हणायचा, "सात." त्यानंतर एक शिवी. शिवी दर गुरुवारी नवी असायची. वर्षभर मी ऐकल्या आणि एकदाही पुन्हा तीच आली नाही.

एका गुरुवारी त्याने लाल निशाण घेऊन गाडी अडवली. मी तिथेच होतो. इनामदारांनी करकचून ब्रेक लावला, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "काम कुठं चाललंय?"

"तुमीच काम," गेनबा म्हणाला. "त्या दगडापास्नं ह्या दगडापातूर सात घावांत आलासा. म्होरं माल्याचं वळन हाय. ते बारा घावांच्या गाडीसाठी बांदलंय. म्या बांदलंय."

मला वाटलं, आता सायबी राग निघणार. पण इनामदार गाडीतून उतरले. सात घाव म्हणजे काय ते समजून घेतलं. मी माझं कोष्टक सांगितलं, सात म्हणजे शंभराच्या थोडं वर. ते चकित झाले. "काटा बरोबर शंभरावर होता," म्हणाले. मग गेनबाकडे वळले, त्यांच्या डोळ्यांत चमक आली, आणि तिथेच सगळं बिघडलं. "मुकादम, पुढच्या गुरुवारी सहा करून दाखवतो."

गेनबाने ही मोजणी लाज वाटावी म्हणून सांगितली होती. त्या माणसाने ती परीक्षेतल्या मार्कांसारखी घेतली.

पुढच्या गुरुवारी साडेसहा. त्याच्या पुढच्या गुरुवारी इनामदारांबरोबर आणखी दोन गाड्या. गॉगल घातलेले तीन शहरी पुरुष खडीच्या ढिगापाशी ओळीने उभे राहून आमच्या गेनबाला विचारतायत, "मुकादम, माझी किती?" आणि गेनबा हातोडा मांडीवर ठेवून न्यायाधीशासारखा सांगतोय, "तुमची साडेसात. तुमची आठ, पन शेवटाला पाय काडलासा." ते मान खाली घालायचे. हा माणूस खोटं बोलत नाही, हे त्यांनाही कळलं होतं.

त्या दोनतीन महिन्यांत गेनबा खूश होता, हे मी लपवणार नाही. वीस वर्षं त्याने त्या रस्त्याला डांबर पाजलं, पण कोणी गाडी थांबवून त्याला काही विचारलं नव्हतं. शिव्या बंद झाल्या. गुरुवारी तो धुतलेला पटका बांधून यायचा. आणि मीही दोन गुरुवार घड्याळ घेऊन तिथे उभा राहिलो, रस्त्याचा सरकारी राखणदार म्हणून नव्हे, मजा बघायला.

त्याच दिवसांत विलास जीप घेऊन यायला लागला. विलास हा माल्याच्या अण्णांचा मुलगा. अण्णा म्हणजे गावातले मोठे बागायतदार. गेनबाची बौद्ध वस्ती त्यांच्या मळ्याला लागून, आणि वस्तीचं पाणी अण्णांच्या विहिरीवरून. लष्कराच्या लिलावातली एक जीप त्यांनी शेतीकामाला घेतली होती. विलास बावीस वर्षांचा. गेनबाने त्याला लहानपणी खांद्यावर बसवून जत्रा दाखवलेली.

"गेनबा, माजी किती?"

"धा."

"आन त्या लाल गाडीची?"

"सात."

पोरगा जीप सुरू करून निघून गेला. आठवड्याने नऊ झाले. मग एक दिवस ती खटारा जीप थरथरत, टपाचं कापड फडफडवत दगडापासून दगडापर्यंत आली आणि गेनबाच्या तोंडून निघून गेलं, "आठ. शाब्बास." तो शाब्बास मी माझ्या कानांनी ऐकला आहे. त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

जूनमध्ये वळणावरच्या नव्या खोलीत शाळेचा पहिलीचा वर्ग आला आणि गेनबाची नात सुली पहिलीत गेली. गेनबा त्या दिवशी खडी फोडायला बसला आणि सकाळभर एकही गाडी त्याने मोजून सांगितली नाही. दुपारी मला म्हणाला, "रावसाहेब, पोरं त्या वळनावर रस्ता वलांडत्यात. बारा घाव बी लई झालं. हितं चोवीस पायजे." गुरुवारी त्याने तिन्ही गाड्या थांबवल्या. आजपासून मी कुणाला आकडा सांगणार नाही, म्हणाला, आणि या दोन दगडांमध्ये चोवीस घाव लागले पाहिजेत, त्याच्या आत आलात तर निशाण घेऊन रस्त्यात आडवा झोपेन.

इनामदारांचे मित्र पुन्हा आले नाहीत. आकडाच मिळणार नसेल तर यायचं कशाला. इनामदार मात्र येत राहिले, आणि ती लाल गाडी शाळेपाशी असं काही हळू जायची की पोरं तिच्या शेजारून चालत जायची. वळण संपलं की मग आवाज. त्याचं काय करायचं ते पुढच्या रस्त्याचा मुकादम बघेल, असं गेनबा म्हणायचा.

विलासला सांगायचं राहून गेलं. घरचाच पोरगा, त्याला वेगळं काय सांगायचं, असं गेनबाला वाटलं असणार.

दिवाळीनंतरचा गुरुवार होता. सकाळी शाळेच्या वेळेला सुलीला वळणावर गाडीने मागून उडवलं. ती दहा फूट लांब बांधावर जाऊन पडली. डावा पाय मांडीत मोडला. तिने काही पाहिलं नव्हतं. गुरुजी वर्गात होते, ते धावत बाहेर आले तेव्हा धूळ होती आणि सुलीला दोन्ही हातांवर उचलून गाडीत ठेवणारे इनामदार होते. त्यांच्या पांढऱ्या शर्टावर रक्त होतं. लोकांना आणखी काय लागतं?

इनामदार तिला घेऊन उलटे पौडच्या दवाखान्याकडे निघाले. वाटेत गेनबाच्या ढिगासमोरूनच गाडी गेली. ढिगावरून वळणापलीकडचं दिसत नसे, त्यामुळे आत आपली नात आहे हे त्याला माहीत नव्हतं. नंतर त्याने मला सांगितलं, "साडेसा घावांत गेली, रावसाहेब. म्या शिवी दिली."

दुपारपर्यंत लाल गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात लागली होती आणि इनामदार आत बाकावर बसून होते. बाहेर माल्याची साठसत्तर माणसं. सुलीला पुण्याला हलवलं होतं, तिची आई बरोबर गेली होती. मी गेनबाला स्कूटरवर घेऊन आलो. सोळा घावांची स्कूटर त्या दिवशी किती घावांत आली, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

ठाण्याच्या फाटकाशी अण्णा उभे होते. त्यांनी गेनबाला बाजूला, वडाखाली नेलं. मी चार पावलांवर होतो. मला जा म्हणाले नाहीत, म्हणून मी थांबलो.

"गेनबा, फौजदार तुलाच इचारनार. तू ढिगावर हुतास."

"व्हय."

"लाल गाडी आदी गेली का जीप?"

"जीप."

अण्णा आणखी जवळ सरकले. "जीप आदी गेली आन पोरगी धड हुती. मागनं लाल गाडी आली. आसंच झालं आसंल न्हवं? वरीसभर तू त्या गाडीला शिव्या घालतुयास, सारं गाव सांगंल. तो पुन्याचा मानूस हाय. त्याला वकील हायेत, तो सुटंल. माज्या पोराचं लगीन ठरलंय." आणि मग खालच्या आवाजात, "आपल्याला एकाच गावात ऱ्हायाचं हाय, गेनबा."

ही धमकी होती की विनवणी, ते मला आजही सांगता येणार नाही. बहुतेक अण्णांनाही सांगता आलं नसतं.

फौजदार त्रासलेला माणूस होता. बाहेर जमाव, आत कारखानदाराचा मुलगा, आणि साक्षीला हातोडेवाला. पुढे जीपची धूळ होती असं इनामदार सांगत होते, म्हणून विलासलाही त्याने बोलावून घेतलं होतं. गेनबा टेबलासमोर उभा राहिला. बस म्हटल्यावरही बसला नाही.

"जीप गेली. आठ घाव," तो म्हणाला. "मंग म्या चाळीस घाव घातलं. मंग लाल गाडी आली. ती चोवीस घाव. चोवीस घावांची गाडी पोरीला धा फूट उडवीत न्हाई, सायेब. लई तर पाडंल."

"हातोड्याच्या घावांवर मी गुन्हा लिहू?" फौजदार म्हणाले. "उद्या कोर्टात मला वेड्यात काढतील."

"मग घड्याळ लावा," मी म्हणालो. एरवी अशा ठिकाणी माझ्या तोंडून शब्द निघत नाही.

फौजदारांनी मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलं. गेनबाकडे हातोडा नव्हता. त्याने बोटाचं पेर टेबलावर टेकवलं. "हां," फौजदार म्हणाले, आणि गेनबा मोजायला लागला. टक, टक, टक. ज्याची नात त्या क्षणी पुण्यात ऑपरेशनच्या टेबलावर पडली होती, त्याचा हात एकदाही लवकर पडला नाही की उशिरा पडला नाही. मी त्याच्या हाताकडे बघत होतो आणि मला रडू येत होतं.

"थांब," फौजदार म्हणाले. "किती?"

"पंचेचाळीस."

फौजदारांनी घड्याळ पुन्हा हाताला बांधलं. "पंचेचाळीसच." त्यांनी कागद पुढे ओढला.

"आजून येक लिवा," गेनबा म्हणाला. "ह्यो नाद म्या लावला. लाल गाडीला म्याच आकडा सांगितला, ह्या पोराला बी म्याच सांगितला. आठ घावांना म्या शाब्बास म्हनलो. ते बी लिवा."

"तुझी नात आहे ती, गेनबा. तू तुझ्याच विरुद्ध काय सांगतोयस?"

"नात हाय म्हनून घाव कमीजास्त हुत न्हाईत."

विलास भिंतीशी उभा होता. तो खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागला. त्याला वाटलं होतं जीप नुसती घासून गेली, म्हणाला. मागे बघायचा धीर झाला नाही. दारातून अण्णा आत आले, मुलाच्या खिशात हात घालून जीपची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. गेनबाकडे त्यांनी पाहिलं नाही.

विलासला शिक्षा झाली, मोठी नाही. वस्तीचं पाणी अण्णांनी बंद केलं नाही. पण वर्षभर ते गेनबाशी एक शब्द बोलले नाहीत, आणि गेनबा रोज सकाळी त्यांच्या विहिरीवरून जाताना थांबून जय भीम घालायचा, उत्तर मिळो न मिळो. इनामदार सुलीला बघायला दवाखान्यात दर गुरुवारी जायचे. ते किती भले होते असं मला म्हणायचं नाही. तेही त्या नादातले होते, आणि ते त्यांना माहीत होतं.

गेनबा त्या दिवसापासून बदलला तो एवढाच, की आकडा त्याच्या तोंडून गेला. हात चालू असायचा, ओठ हलायचे, पण कुणाला काही सांगायचा नाही. मी मुद्दाम स्कूटर रागात चालवून पाहिली. "किती, मुकादम?" तो दगडाकडे बघत म्हणायचा, "साईडपट्टीचा मुरूम कवा येनार?"

दीड वर्षाने माझी बदली झाली. शेवटच्या दिवशी सकाळी मी माल्याला निघालो, त्याचा निरोप घ्यायला. वळणाच्या अलीकडे रस्ता बंद होता. कडेच्या दगडाशी गेनबा, एका हातात रस्त्यावर आडवं धरलेलं लाल निशाण, दुसऱ्या हातात हातोडा. निशाणासमोर सगळ्यांत पुढे ती लाल गाडी, छत उघडं, इंजिन बंद. तिच्या मागे साडेनऊची एसटी, मग विटांचा ट्रक, मग मी. कंडक्टर खाली उतरून शांतपणे तंबाखू मळत होता. कोणी हॉर्न वाजवत नव्हतं.

रस्त्याच्या कडेने सुली चालत होती. एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत, शाळेच्या दारापर्यंत. पाठीवर दप्तर, डावा पाय जरा ओढत. आणि गेनबा शेजारच्या दगडावर हातोडा टेकवत होता. टक, टक. कंडक्टर मला म्हणाला, "रोजचंच हाय. पैल्यांदा साडेचारशे लागलं हुतं." मी विचारलं, काय साडेचारशे? तो माझ्याकडे बघत राहिला, हे ओव्हरसियर आणि यांना माहीत नाही.

सुली दारात पोचली, वळली आणि ओरडली, "आबा, किती?"

ज्या माणसाने दीड वर्ष कुठल्याही गाडीचा आकडा सांगितला नव्हता, तो सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "दोनशे धा. काल दोनशे सोळा हुतं."

लाल गाडीतले इनामदार मान खाली घालून हसले.

"उद्या दोनशे करते," सुली म्हणाली.

"घाई न्हाई," गेनबा म्हणाला, आणि निशाण अजून तसंच धरून ठेवलं. "गाड्या थांबल्यात."